न पडणारा दगड

जोंधळा हुरड्यावर आला की चिकोडीच्या शिवारात माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार अजून क्वचित दिसतो. गेल्या हंगामात विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते म्हणून आठवीच्या तासाला मी गेलो. मी मराठीचा माणूस, तरी एका मुलाने विचारलेच, "सर, उपग्रह खाली का पडत नाही?" "तिथे गुरुत्वाकर्षण नसते," असे उत्तर मी पूर्वी अनेक वर्षे दिले आहे. ते साफ चूक होते. तीनशे किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ इथल्या ओढीच्या नऊ दशांश असते.

उपग्रह पडतच असतो. आडवा फेकलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर खाली येतो. पृथ्वीचा पृष्ठभागही दर आठ किलोमीटरला साधारण तितकाच खाली वळतो. तेव्हा सेकंदाला आठ किलोमीटर आडवा वेग लाभला, की दगड पडत राहतो आणि जमीन त्याच्याखालून तेवढीच दूर सरते. राखणदाराच्या गोफणीत दोरी जे करते, तेच येथे पृथ्वीची ओढ करते. उंच चढायचे ते हवेचा अडथळा टाळण्यासाठी. इंधनाचा मोठा वाटा या वेगावर खर्च होतो. म्हणून तर अग्निबाणाचे रिकामे झालेले टप्पे वाटेत टाकून द्यायचे आणि श्रीहरिकोट्याहून पूर्वेकडे झेप घ्यायची. पृथ्वीच्या फिरण्याचा वेग त्यात आयताच मिळतो.

एसएलव्ही-३ या आपल्या अग्निबाणाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. अशा इंधनाच्या संशोधनात डॉ. वसंत गोवारीकरांनी मोलाचे काम केले. हे इंधन मळलेल्या कणकेसारखे नळकांड्यात ओतून रबरासारखे घट्ट करतात. त्यात एक चीर राहिली तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो आणि नळकांडे फुटू शकते. शिवाय एकदा पेटले की ते विझविता येत नाही.

१० ऑगस्ट १९७९ रोजी घात झाला तो मात्र इंधनाने नव्हे. दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेतील आम्ल गळून गेले आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी, ३५ किलोची 'रोहिणी' कक्षेत गेली.

हे सांगून झाल्यावर त्याच मुलाचा पुन्हा हात वर. "म्हणजे चंद्रही पडतोच आहे का, सर?"

"होय," मी म्हणालो, आणि खडू त्याच्या हाती दिला.