उद्यापासून येऊ नकोस!

गेल्या आठवड्यात आमच्या ओळखीचा एक भाऊ रात्री दारात आला. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात तो सात वर्षे टॉवेल विणतो. आई दवाखान्यात होती, म्हणून नऊ दिवस खाडा झाला. परत कामावर गेला तर मुकादम म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस. या कागदावर सही कर आणि हिशेब घेऊन जा." सही न करताच तो निघून आला. आम्हाला विचारू लागला, "दादा, मालकाला असं करता येतं का?"

वाचकहो, असे करता येत नाही. कामगाराला काढायचेच नाही, असे कायदा म्हणत नाही. चोरी, अफरातफर, मारामारी, दारू पिऊन कामावर येणे, वारंवार विनारजा खाडे करणे ही बडतर्फीची कारणे होऊ शकतात. आपलीही चूक असेल तर ती मान्य केली पाहिजे. पण आरोप कोणता ते लेखी कळवावे लागते, उत्तराला मुदत द्यावी लागते आणि चौकशी घ्यावी लागते. साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी कामगाराला मिळाली पाहिजे. चौकशी चालू असताना निलंबित केले, तर स्थायी आदेश लागू असलेल्या कारखान्यात पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. कामगाराच्या दोषामुळे उशीर झाला नसेल, तर पुढे ७५ टक्के.

नोकरीच्या अटी लेखी असाव्यात आणि त्या कामगाराला ठाऊक असाव्यात, हे तत्त्व सांगणारा स्थायी आदेशांचा कायदा १९४६ साली झाला. तेव्हा केंद्रात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. तिच्यात स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यालाच आहे. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी बंद पडल्या आणि सोलापूरचा कामगार लहान लहान कारखान्यांत विखुरला. त्याला ही सक्ती उपयोगी पडत नाही. तरीही लहान कारखान्यातून काढलेल्या एकट्या कामगारालाही दाद मागता येते.

खाड्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ सालचा निकाल ध्यानात ठेवा. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला म्हणजे नोकरी आपोआप गेली, असा नियम एका कारखान्याने लावला होता. कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय असे करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि त्याला कामावर परत घ्यायला लावले. मराठवाड्यातील एका प्राथमिक शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ साली याच न्यायालयाने सांगितले की, बेकायदा काढलेल्याला मागील पगारासह परत घेणे हाच साधारण नियम आहे. मात्र या काळात दुसरीकडे पगारी काम नव्हते, हे कामगाराने सांगावे लागते.

काम कमी झाले म्हणून काढत असतील तर गोष्ट वेगळी. सलग एक वर्ष नोकरी झालेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. म्हणजे आमच्या या भावाला सात वर्षांचे १०५ दिवसांचे पैसे. पाच वर्षे झाली असल्याने ग्रॅच्युइटी वेगळी. आणि कोणत्याही कारणाने काढले तरी राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत मिळाला पाहिजे.

पण आपण कामाला होतो हे सिद्ध कसे करणार? खरी अडचण इथे येते. हजेरीकार्ड, ई.एस.आय.चे कार्ड, फंडाचा नंबर, पगाराची चिठ्ठी, बँकेचे पासबुक घरात एका पिशवीत जपून ठेवा. सोबत्यांची नावे लिहून ठेवा. तोंडी काढले तर दुसऱ्याच दिवशी मालकाला अर्ज द्या: "मी कामावर यायला तयार आहे, मला घेतले जात नाही." अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती ठेवा. मग कामगार आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयात तक्रार करा. दोन वर्षे उलटल्यावर तिथे समेटाची कार्यवाही होत नाही, म्हणून आज करतो, उद्या करतो असे म्हणू नका.

सर्वांत महत्त्वाचे, "पूर्ण हिशेब मिळाला, काही येणे नाही" किंवा "स्वखुशीने काम सोडले" अशा कागदावर सही अथवा अंगठा देऊ नका. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

त्या रात्री अर्ज लिहिला तो त्या भावाच्या नववीतल्या मुलीने. आम्ही फक्त सांगत होतो. लिहून झाल्यावर तिने तो बापाला मोठ्याने वाचून दाखवला, मगच त्याने सही केली. मालकाचे उत्तर अजून आलेले नाही. पण पोस्टाची पावती आता त्यांच्या घरी पिशवीत आहे.