एका मापाची गोळी

चैत्री पौर्णिमेला आमच्या येरमाळ्यात येडाईची यात्रा भरते. डोंगरावर देवी, पायथ्याला माणसांचा समुद्र. लोक चुनखडीचे खडे वेचतात, घरोघर पाहुणे उतरतात, पुरणावरणाला उसंत नसते. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात गावातल्या औषधांच्या दुकानांतून एका गोळीचा खप वाढतो. कोणत्या, ते भगिनींना सांगायला नको. बंधूंना सांगावे लागेल: पाळी पुढे ढकलण्याच्या. दिवाळीतही तीच तऱ्हा. नरकचतुर्दशीचे उटणे लागण्यापूर्वी कित्येक घरांत ही गोळी पोटात गेलेली असते.

संपादकांनी माझ्याकडे काही हलकेफुलके मागितले होते. चकलीच्या ताटाशेजारी बसून वाचायच्या अंकात हा विषय नको, असे कुणाला वाटेल. पण ज्या स्वयंपाकघरातून ती चकली येते तिथेच ही गोळीही असते. तेव्हा तिला अंकातून बाहेर काढण्यात काय अर्थ?

आमच्या घरी आम्ही तिघी जावा. मागे एका यात्रेच्या वेळी सासूबाईंनी तिघींना एकाच दुकानातल्या, एकाच नावाच्या गोळ्या आणून दिल्या. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. थोरल्या जाऊबाईंना काही म्हणता काही झाले नाही. मला जरा मळमळले, निभावले. धाकटीचे अर्धे डोके असे उठले की दाराच्या फटीतला उजेड तिला सोसेना. उलट्या करकरून बिचारी कोपऱ्यात पडली. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "तिघींनी घेतल्या. मग हिलाच कसं होतं? कामाच्या वक्ताला नाटकं!"

हिलाच कसे होते? प्रश्न उत्तम आहे. दुर्दैव एवढेच की विचारण्याआधीच त्याचे उत्तर ठरलेले असते.

मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. शाळेत पोरांना शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. पण यकृताचा धडा मीही पोरांना शिकवला आहे, आणि त्या प्रश्नाचे खरे उत्तर यकृतात आहे. सोलापूर-धुळे रस्ता आमच्या गावावरून जातो. पूर्वीचे जकातनाके आठवा. आपण गिळलेले बहुतेक सारे आतड्यांतून आधी या यकृताच्या नाक्यावर येते, मग उरलेल्या शरीराच्या बाजारात जाते. नाक्यावर कारकून बसलेले असतात; पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. ते आलेला माल मोडतात, त्याला पाण्यात विरघळण्याजोगे करतात आणि लघवीच्या किंवा पित्ताच्या वाटेने बाहेर घालवतात. बाईच्या अंगातले संप्रेरक त्यांच्याच हातून जाते आणि दुकानातून आणलेलेही. एकीचा कारकून चपळ. तो माल भराभर मोडीत काढतो, बाजारात पोचतो तो थोडाच. दुसरीचा संथ, तिथे मालाचा खच पडतो. आणि हे कारकून आपण नेमलेले नसतात. आईबापांच्या जनुकांनी ते नेमून दिलेले असतात.

मला हे कळले ते माझ्याच डोळ्यांमुळे. लहानपणापासून नवरात्राचे उपवास केले की माझ्या डोळ्यांत पिवळट झाक येई. कावीळ, कावीळ म्हणून आईने माळ घातली, झाडपाला पाजला, तेल-हळद बंद केली. भाऊही तसाच. लग्नानंतर बार्शीच्या एका भल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले, "बाई, हा रोग नव्हे. गिल्बर्ट नावाच्या फ्रेंच वैद्याने 1901 साली याचे वर्णन करून ठेवले आहे. उपाशी राहिलात की पिवळेपणा वाढतो, इतकेच." पुढे वाचनात आले की 1995 साली याचे जनुकातले मूळही सापडले. यूजीटी1ए1 नावाच्या जनुकाच्या दाराशी दोन अक्षरांची एक जोडी सहा वेळा लिहिलेली असायची, ती माझ्यासारख्यांत दोन्हीकडून सात वेळा आलेली असते. एवढ्या एका जादा जोडीने विकर कमी तयार होतो आणि रक्तातले पित्तद्रव्य साठत राहते. नवलाची गोष्ट पुढेच आहे: बाईच्या अंगातल्या इस्ट्रोजेनला बांधून बाहेर घालवण्याचे काम करणाऱ्यांत हाच विकर असतो. म्हणजे माझा एक कारकून संथ आहे याची खूण माझ्या डोळ्यांत तरी दिसते. धाकट्या जावेचे कारकून कसे आहेत, ते कुणाला दिसणार?

हे शहाणपण काही आजचे नव्हे. 1975 साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यक महाविद्यालयात रॉबर्ट स्मिथ नावाच्या प्राध्यापकाने रक्तदाबाची एक गोळी सहकाऱ्यांबरोबर स्वतःही घेऊन पाहिली. बाकीचे ठीक; हा गृहस्थ मात्र चक्कर येऊन कोसळला. त्याच्या जागी एखादी सून असती तर तिला 'नाटकं' हा शब्द ऐकावा लागला असता. तो प्राध्यापक होता, पुरुष होता, म्हणून त्याने त्या कोसळण्याचा शोध लावला! त्याच्या यकृतातला एक विकर जन्मतःच निकामी होता. स्तनाच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेन ही संप्रेरकाला अडवणारी गोळी देतात. तिचे खरे काम करणारे रूप यकृतातला तोच विकर घडवतो. ज्या बाईत तो निकामी, तिच्यात ते रूप कमी तयार होते. गोळी तीच, पैसे तेच.

आणि विलायतेला तरी कशाला जावे? 1960 च्या दशकात आपल्याच मद्रासच्या क्षयरोग केंद्राने दाखवून दिले होते की आयसोनायझिड हे औषध काहींच्या अंगातून झटकन जाते, काहींच्या अंगात रेंगाळते, आणि हा भेद जन्माचा असतो. म्हणजे साठ वर्षे ही गोष्ट आपल्या दप्तरी पडून आहे. दुकानाच्या फळीपर्यंत ती का पोचली नाही?

याचे कारण मला जुन्या एका हकिकतीत सापडते. 1956 साली प्वेर्तो रिको बेटावरच्या गरीब बायकांवर गर्भनिरोधक गोळीचा पहिला मोठा प्रयोग झाला. एड्रिस राइस-रे या डॉक्टरीणबाईंनी कळवले की शंभरांतल्या सतरा जणींना मळमळ, गरगर, डोकेदुखी होते. इतका त्रास बरा नव्हे. वरच्या शास्त्रज्ञांना वाटले, बायकांच्या मनाचे खेळ. त्या गोळीत दहा मिलिग्रॅम संप्रेरक होते. आज आशाताई देतात त्या माला-एनच्या गोळीत दोन्ही संप्रेरके मिळून पाव मिलिग्रॅमही भरत नाहीत, आणि काम तेच होते. म्हणजे नाटक कुणाचे होते?

सासूबाईंच्या गोळीचे नाव नॉरएथिस्टेरॉन. पाच मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. यकृतात तिचा थोडा भाग बदलून गर्भनिरोधक गोळीतले इस्ट्रोजेन होतो. रोजच्या पंधरा-वीस मिलिग्रॅममागे वीस-तीस मायक्रोग्रॅमइतका, म्हणजे जवळजवळ माला-एनच्या एका गोळीएवढा. जिच्या पायात कधी रक्ताची गाठ झाली होती, जिचे डोके डोळ्यांपुढे काजवे चमकून उठते, तिच्यासाठी ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. आणि हे सारे चिठ्ठीवाचून, "ताई, किती पाकिटं देऊ?" एवढ्या एका प्रश्नावर विकले जाते.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला बसवले ती सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई. तिला टीबी झाला, औषधे सुरू झाली. दोन मुले पुरेत म्हणून ती माला-एन घेत असे, एकही दिवस न चुकवता. कॅलेंडरवर फुल्या मारलेल्या मी पाहिल्या आहेत. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असते. त्याने लघवी केशरी होते, हे तिला सांगितले होते. यकृतातले कारकून त्याने चौखूर उधळतात आणि गर्भनिरोधक गोळी काम करण्याआधीच मोडीत निघते, हे मात्र सांगितले नव्हते. उपचार चालू असेतो आणि नंतरही महिनाभर दुसरे साधन वापरावे, एवढे एक वाक्य! ते कुणी उच्चारले नाही. तिला दिवस गेले. नवरा म्हणाला, गोळी चुकवलीस. मग आवाज खाली आणून आणखीही काही म्हणाला, ते मी लिहीत नाही.

काहींना तर असले औषधही लागत नाही. गर्भातल्या बाळाच्या यकृतात एक विकर असतो. जन्मानंतर तो झोपी जातो. थोड्या माणसांत तो मोठेपणीही जागा राहतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत दंडात संप्रेरकाची काडी बसवलेल्या 350 बायकांची तपासणी 2019 साली प्रसिद्ध झाली. शंभरांत पाच जणींत हा विकर जागा होता, आणि त्यांच्या रक्तात संप्रेरक सुमारे पाव हिश्श्याने कमी भरले. काडी दंडातच होती. चुकवायची म्हटली तरी चुकवता येत नव्हती.

डॉक्टर मंडळी विचारतील, मग काय प्रत्येकीची जनुके तपासायची? एवढे मी मागत नाही. आधी डोके अर्धे दुखते का, घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का, रक्तदाब आहे का, कावीळ झाली होती का, दुसरे कोणते औषध चालू आहे, एवढे विचारा. तोंड उघडायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि बाई म्हणाली, मला सोसत नाही, तर ते खरे धरा. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची 2019 साली पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली निघाली. बाईची तक्रार आधी ऐकायचीच नाही, आणि ऐकलीच तर अवयव कापून मोकळे व्हायचे, अशी ही दोन टोके आहेत.

सासवांना मी काय सांगणार? मीही उद्या सासू होणार. पण ज्या देवीला तिचेच भक्त लाडाने वेडी आई म्हणतात, तिला घरातल्या एका सुनेची पाळी चालणार नाही, हे कुणी ठरवले?

त्या बाईच्या नवऱ्याकडे मी औषधाचा कागद घेऊन गेले होते. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. बोलला काही नाही. धाकट्या जावेने पुढच्या यात्रेला गोळ्या घेतल्या नाहीत. चार दिवस ती माडीवर झोपली आणि तिथूनच भाजी निवडून देत राहिली. सासूबाई तिच्याशी अजून मोजकेच बोलतात. थोरल्या जाऊबाईंना मात्र यंदाही काही झाले नाही.