झाडाचा ताण मोजतो, मग आपला का नाही?



संत्र्याचा आंबिया बहार धरायचा म्हणजे डिसेंबरात पाणी बंद, बाग ताणावर. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारीत दीड-दोन महिने. रोज सकाळी आपण पानं पाहतो. पिवळी पडून गळायला लागली की समजतो, आता पुरे. मग हलकं पाणी देऊन ताण तोडतो. त्याच्यापुढे ताणलं तर फांद्या वाळतात, हे घरातल्या पोरालाही माहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच, की ही नजर आपण स्वतःवर ठेवत नाही.

मागच्या पावसाळ्यात माझ्या बागेत फळगळ झाली. झाडाखाली नुसता सडा. व्यापाऱ्यानं सौदा मोडला, कर्ज अंगावर. रात्री दोनला डोळे उघडले की सकाळपर्यंत उघडेच. छातीत जळजळ, मान आखडलेली, घरात सगळ्यांवर चिडचिड. मी मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणायचो अन् दिवसभर खर्रा खायचो. शेवटी बांधावर चक्कर आली तेव्हा सरकारी दवाखान्यात गेलो. बीपी 170 वर 100. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, झोप लागते का?" चार महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. सांगता सांगता रडू आलं.

त्यांनी समजावलं. काळजी लागली की शरीराला वाटतं धोका आला. ते ठोके वाढवतं, बीपी अन् साखर चढवतं. साप दिसला तर हे कामाचं आहे. पण महिनोन् महिने तेच चाललं तर झोप, पोट, हृदय सगळंच झिजतं.

आपल्याकडे लोक म्हणतात, "टेन्शन नको घेऊ." हे म्हणजे वाळत्या झाडाला वाळू नको म्हणण्यासारखं झालं. पाणी द्यावं लागते.

मी काय केलं ते सांगतो. घरचीला कर्जाचा खरा आकडा सांगितला. दोघांनी वहीत लिहिलं, कोणाचं आधी द्यायचं, कोणाचं नंतर. कर्ज एक रुपयानं कमी झालं नाही, पण त्या रात्री झोप लागली. बीपीची गोळी रोज घेतो, मनानं बंद करत नाही. खर्रा अजून सुटला नाही, दोनवर आला आहे. अन् फवारणीच्या औषधाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली घरचीजवळ दिली. का दिली, ते समजून घ्या.

घरी बोलणं होत नसेल तर 14416 वर फोन लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, 2022 पासून. फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. त्यात लाज कसली? झाडाला रोग आला तर आपण चार जणांना विचारतोच ना.

पारावर बसलो की आपण भाव विचारतो, पाऊस विचारतो. आज संध्याकाळी शेजारच्याला एवढंच विचारा, "भाऊ, झोप लागते का?" अन् तो बोलायला लागला की मधात बोलू नका.