सहा सिलिंडर आणि पन्नास किलो

जुनी, नावाजलेली मोटारसायकल कापून स्वतःच्या मनासारखी करावी का, या प्रश्नावर शौकिनांत दोन तट आहेत. एक म्हणतो, कंपनीनं जशी दिली तशीच ठेवा. स्क्रूसुद्धा बदलू नका. दुसरा म्हणतो, गाडी माझी, पैसा माझा, तुम्ही कोण सांगणारे? मला दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर वाटतात. होंडाच्या सीबीएक्स या सहा सिलिंडरच्या गाडीचं उदाहरण घेतलं की माझं म्हणणं नीट सांगता येतं.

ही गाडी आपल्याकडे रस्त्यावर दिसत नाही, म्हणून थोडी ओळख. १९७८ च्या सुमारास होंडानं ती बाजारात आणली. इंजिन १०४७ सीसी, एका ओळीत आडवे मांडलेले सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्ह, सहा कार्ब्युरेटर, ९००० आरपीएमला १०५ अश्वशक्ती. आपल्या भाषेत सांगायचं तर एकेक सिलिंडर जवळजवळ राजदूत १७५ एवढा. अशी सहा राजदूत खांद्याला खांदा लावून एका चेसिसमध्ये बसवलीत असं समजा. फरक एवढाच की सीबीएक्सचा प्रत्येक सिलिंडर एकट्यानं साडेसतरा अश्वशक्ती देतो, आणि आपली राजदूत त्याच्या निम्म्याच्या आसपासच होती.

या गाडीला एक खानदान आहे. तिचं इंजिन ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं ते शोइचिरो इरिमाजिरी साठच्या दशकात होंडाच्या शर्यतीच्या गाड्यांवर काम करत होते. त्याच दशकात होंडानं २५० सीसी वर्गासाठी सहा सिलिंडरची गाडी बनवली. तिचं सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे आरसी १६६. वजन ११२ किलो, १८,००० आरपीएम, साठच्या वर अश्वशक्ती. माइक हेलवूडनं १९६६ आणि १९६७ अशी सलग दोन वर्षं या सहा सिलिंडरांवर २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. मग होंडा ग्रां प्री शर्यतींतून बाहेर पडली, आणि १९७० पासून नियमच असा आला की या वर्गात दोनपेक्षा जास्त सिलिंडर चालणार नाहीत. सहा सिलिंडरची ती वाट तिथेच बंद झाली.

दहा वर्षांनी सीबीएक्स आली ती याच आठवणीवर. पण रस्त्यावरच्या गाडीला दिवे लागतात, सेल्फ लागतो, दोघांची सीट लागते, शांत सायलेन्सर लागतात. वजन गेलं अडीचशे किलोच्या घरात, तेही पेट्रोल न भरता. त्या मानानं पुढचे फोर्क फक्त ३५ मिलिमीटर जाडीचे आणि मागच्या स्विंगआर्मला प्लास्टिकचे बुश. इंजिन पहिलवानाचं, पाय पोरसवदा. शिवाय होंडाचीच चार सिलिंडरची ९०० सीसीची गाडी हलकी, स्वस्त आणि पळायला फारशी मागे नव्हती. म्हणून १९८१ मध्ये होंडानं सीबीएक्सला वाऱ्यापासून आडोसा देणारं मोठं फेअरिंग लावलं, इंजिन थोडं मवाळ केलं आणि तिला लांबच्या प्रवासाची गाडी बनवलं. ती आणखी जड झाली. १९८२ नंतर उत्पादन संपलं.

आता हिशोब करू या. आरसी १६६ मध्ये ११२ किलोला साठ अश्वशक्ती. तेच प्रमाण १०५ अश्वशक्तीच्या सीबीएक्सला लावलं तर वजन किती हवं? १९६ किलो. म्हणजे इंजिनाला हातही न लावता पन्नासेक किलो उतरवलं, तर ही गाडी आपल्या पूर्वजाच्या बरोबरीला येते. कुणी ही गाडी हलकी करायला घेतो तेव्हा तो तिच्यावर काही लादत नाही. मुळात जी कल्पना होती तिच्या जवळ तिला नेतो, असं मला वाटतं. ऐंशीच्या दशकातच फ्रान्सच्या मोटो मार्टिन आणि स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ एग्ली यांनी या इंजिनाभोवती स्वतःच्या चेसिस उभ्या केल्या, त्या याच ओढीनं.

पन्नास किलो उतरवायचे कुठून? इथं कारागिराची परीक्षा असते. सगळ्यांत जड वस्तू इंजिन, आणि त्यातून फारसं काही निघत नाही. मग ग्रॅमाग्रॅमानं जावं लागतं. दोन अवजड सायलेन्सर काढून सहा नळ्या एकात आणायच्या. डबल स्टँड, पत्र्याचे मडगार्ड, सीटचा पत्रा, पकडायची दांडी काढायची. ॲल्युमिनियमची टाकी घडवायची. शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियमची बसवायची. चाकं हलकी घ्यायची. कारण चाकातला एक किलो हा सीटखालच्या किलोपेक्षा महाग असतो. तो फिरवावाही लागतो आणि खड्ड्यागणिक वर-खाली उचलावाही लागतो. हलक्या चाकांनी गाडी वळणात शब्दाला जागते.

दुसरी गोष्ट आरपीएमची. अनेक हौशी मंडळी इथंच फसतात. आरसी १६६ अठरा हजार फेरे घेत होती, मग सीबीएक्सनं निदान बारा हजार तरी घ्यावेत, असं त्यांना वाटतं. पण आरसी १६६ चा एक सिलिंडर ४१ सीसीच्या आसपास, चहाच्या कटिंगएवढा. पिस्टन चिमुकला, व्हॉल्व्ह चिमुकले. तो वेग त्या लहानपणातून आलेला होता. सीबीएक्सचा सिलिंडर त्याच्या चौपट. तिचा पिस्टन ५३.४ मिलिमीटरची धाव घेतो. ९००० आरपीएमला त्याचा सरासरी वेग सेकंदाला १६ मीटर होतो. ११,००० ला तो साडेएकोणीस मीटरच्या वर जातो. वेग वाढला सव्वापटीहून कमी, पण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडला बसणारा हिसका आरपीएमच्या वर्गानं वाढतो, म्हणजे जवळजवळ दीडपट. त्यात एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचा तोल निसर्गतःच इतका चांगला असतो की इंजिन थरथरत नाही. इतर गाड्या हादरून सांगतात की आता पुरे. ही सांगत नाही. ती गोड गात असते आणि आत रॉडचे बोल्ट ताणले जात असतात.

म्हणून 'जास्त आरपीएमची गाडी' याचा अर्थ मी असा घेतो: काट्यावरची लाल रेघ पुढं सरकवायची नाही, तिथवर पोहोचणं मोकळं करायचं. सहा पिस्टन एका वजनाचे, रॉड एका वजनाचे, क्रँक तोलून घेतलेला. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा नव्या. चोवीस व्हॉल्व्हची फट एकेक करून मोजलेली. सहाही कार्ब्युरेटर एका श्वासात ओढणारे. एवढं केलं की तेच इंजिन मूठ पिळताच उसळून वर येतं. नऊ हजारांवर ते सेकंदाला ४५० स्फोट करतं. हार्मोनियमवर पांढरी सहा दाबा, साधारण तोच सूर. आरसी १६६ अठरा हजारांवर सेकंदाला ९०० स्फोट करायची, म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकात. नातं कानानंही ओळखता येतं.

आपल्याकडे 'मॉडिफाय' म्हणजे काय होऊन बसलंय ते सगळ्यांना माहीत आहे. सायलेन्सर बदलायचा आणि रात्री साडेअकराला मोहल्ल्यातून फटाके फोडत जायचं. म्हातारी माणसं दचकतात, पाळण्यातली पोरं उठतात. मग पोलीस ते सायलेन्सर जप्त करून रोलरखाली चिरडतात आणि पेपरात फोटो येतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे बदल वाहनात करता येणार नाहीत. या पोरांना वेगाची हौस आहे, पण काम शिकायची नाही. आवाज विकत मिळतो. हलकेपणा विकत मिळत नाही, तो हातानं काढावा लागतो.

आमच्या घरांत असल्या छंदाचा विषय निघाला की एक शब्द हमखास येतो: इस्राफ. उधळपट्टी. एका फटफटीवर एवढा पैसा? प्रश्न टाळण्यासारखा नाही. सहा सिलिंडरची गरज कुणालाच नसते, हे मान्य. दाखवण्यासाठी महागडे भाग लावत सुटणं हा इस्राफच आहे. पण पडून गंजणारं इंजिन उघडून, साफ करून पुन्हा चालतं करणं याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. त्यात लेथवर बसणारा, ॲल्युमिनियम जोडणारा, व्हॉल्व्हची बैठक घासणारा माणूस रोजी कमावतो आणि त्याची विद्या टिकते. महाराष्ट्राच्या शहराशहरांत ज्यांना आपण उस्ताद म्हणतो त्या मिस्त्रींच्या हातात ही विद्या होती. आता सर्व्हिस सेंटरात भाग काढून भाग लावतात, बस्स. दुरुस्ती करणारा गेला, बदलणारा राहिला. सहा कार्ब्युरेटर कानानं जुळवणारे हात संपले, तर ते पैशानं परत येणार नाहीत.

दुसरा शब्द अमानत. मूळ रूप जपणाऱ्यांचं म्हणणं मला इथं पटतं. १९८२ नंतर ही गाडी झाली नाही, तेव्हा जितक्या कापल्या जातील तितक्या कायमच्या कमी होतील. आज ती तुमच्या दारात आहे, उद्या दुसऱ्याच्या असेल. म्हणून माझ्या तीन अटी आहेत. जी गाडी अजून पूर्ण आणि मूळ रूपात आहे तिला हात लावू नये. आधीच अर्धवट, खिळखिळी, रंग-भाग गेलेली निवडावी. मूळ चेसिसवर करवत चालवू नये. जे बसवायचं ते बोल्टनं बसेल असं करावं. आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा, म्हणजे पुढच्या मालकाला मागं जायचं असेल तर वाट उघडी राहील.

या अटी पाळून कुणी ते पन्नास किलो उतरवले, तर मी त्याला गाडी बिघडवणारा म्हणणार नाही. आणि चोख मूळ रूपातली सीबीएक्स दिवाणखान्यात उभी करून वर्षानुवर्षं जो तिचं बटण दाबत नाही, त्याला जपणारा म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. फिरण्यासाठी बनलेली वस्तू फिरली नाही, तर तीही उधळपट्टीच.