ओढून पाहिलं, निघालं नाही... मग?

अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये विमानं बांधतात. बर्ट रुटानच्या व्हॅरीईझी (१९७५) आणि लाँग-ईझी (१९७९) या विमानांनंतर फोम, काचेचं कापड आणि इपॉक्सी एवढ्यावर हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आलं. या मंडळींबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्यातल्या काहींच्या एका सवयीवर माझा ठाम आक्षेप आहे.

पातळ काँपोझिटमध्ये आटे टिकत नाहीत. म्हणून मागच्या बाजूला नटप्लेट, म्हणजे छोट्या पट्टीवर बसवलेला नट, चिकटवतात. रिव्हेटची जास्तीची भोकं वाचतात. उत्तम! पण परीक्षा कशी? एक प्लेट चिकटवायची, दुसऱ्या दिवशी वजन टांगायचं, निघाली नाही की पास!

आपल्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात :)

अहो, किती किलोला तुटलं याच्याइतकंच कुठून तुटलं हेही महत्त्वाचं. काँपोझिटचा थर उपटून आला, तर जोड त्याहून मजबूत. गोंद मधोमध फाटून दोन्हीकडे राहिला, तरी पृष्ठभागाची तयारी बरोबर होती. पण प्लेट स्वच्छ, चकचकीत निघाली, तर आकडा कितीही मोठा असो, नापास! आणि हे तोडल्याशिवाय कळत नाही. अल्ट्रासाउंडला पोकळी दिसते, जोडाची ताकद नाही.

बरं, सरळ ढकलणं वेगळं, अडकलेल्या स्क्रूनं प्लेट पिळवटणं वेगळं, कडेनं सोललं जाणं आणखी वेगळं. शिवाय ऊन आणि ओल. रुटानची विमानं पांढरी का रंगवतात? उन्हात तापलं की इपॉक्सी मऊ पडतं. एसीतल्या टेबलावरचा आकडा तिथे काय कामाचा?

२८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छप्पर हवेत उडालं, एक हवाईसुंदरी गेली. कारखान्यात चिकटवलेले सांधे पुढे सुटले, भार रिव्हेटांवर आला, तिथे भेगा पडल्या. कारखान्याची ही कथा, तर गॅरेजची काय?

उपाय महागडा नाही. तोच गोंद, तीच घासाई, तोच हात वापरून डझनभर नमुने करा. काही तापवून, काही भिजवून, सगळे तोडा. तुटलेल्या जागा नीट बघा. एक शनिवार-रविवार जाईल, जाऊ दे.

"विमान माझं, जीव माझा" हा युक्तिवाद मला पटत नाही. लाँग-ईझीचा पंखा मागे असतो. इंजिनाच्या झाकणाचा सुटलेला स्क्रू थेट त्यात जाऊ शकतो. आणि शेजारी किंवा मागे बसलेल्याचं काय? हे विमान नेहमीच्या विमानांच्या नियमांत बसत नाही, अशी पाटी त्याच्यासमोर असते. 'नटप्लेट एकदाच ओढून पाहिली' असं त्या पाटीवर लिहिलेलं नसतं.