गोवर निर्मूलन : सरासरीच्या आड दडलेली सहा टक्क्यांची फट

नवी दिल्ली : गोवर आणि रुबेला या दोन आजारांचे २०२६ पर्यंत देशातून निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले आहे. त्यासाठीच्या विशेष मोहिमेची सुरुवात केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांच्या हस्ते एप्रिल २०२५ मध्ये झाली. त्या वेळी जाहीर झालेल्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशात गोवर-रुबेला लसीच्या पहिल्या मात्रेचे प्रमाण ९३.७ टक्के, तर दुसऱ्या मात्रेचे ९२.२ टक्के होते. २०२३ च्या तुलनेत २०२४ मध्ये गोवराचे रुग्ण ७३ टक्क्यांनी घटले. अन्य कोणत्याही आरोग्य कार्यक्रमासाठी हे आकडे समाधानकारक ठरले असते. गोवराच्या बाबतीत मात्र ते पुरेसे नाहीत. या विषाणूचा प्रसार आणि शरीराची त्याच्याशी होणारी झुंज समजून घेतल्यास त्याचे कारण स्पष्ट होते.

गोवर हा माणसाला होणाऱ्या सर्वाधिक संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. रुग्णाच्या खोकल्या-शिंकण्यातून बाहेर पडलेला विषाणू बंद खोलीतील हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. त्यामुळे रुग्ण निघून गेल्यावर त्या खोलीत आलेल्या बालकालाही लागण होऊ शकते. प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकसंख्येत एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना बाधित करतो, असे मानले जाते.

हा आकडा १५ धरला, तर साखळी तुटण्यासाठी दर १५ जणांपैकी किमान १४ जण सुरक्षित असावे लागतात. हे प्रमाण ९३ टक्क्यांहून थोडे अधिक भरते. जागतिक आरोग्य संघटनेचा ९५ टक्के लसीकरणाचा आग्रह या गणितावर आधारलेला आहे.

लस घेतलेले प्रत्येक बालक सुरक्षित होतेच असे नाही, हा या गणितातील दुसरा पेच आहे. भारतात पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या वयात, तर दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात दिली जाते. नवव्या महिन्यात दिलेल्या मात्रेमुळे सुमारे ८५ टक्के बालकांत प्रतिकारशक्ती निर्माण होते. म्हणजे १०० पैकी ९४ बालकांना पहिली मात्रा मिळाली, तरी प्रत्यक्ष संरक्षण सुमारे ८० बालकांनाच लाभते. उरलेल्यांना सुरक्षित करण्याचे काम दुसरी मात्रा करते. ती केवळ पूरक आहे, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

शरीरातील संघर्ष याहून गुंतागुंतीचा आहे. श्वासावाटे आत शिरलेला विषाणू प्रथम फुप्फुसांतील पहारेकरी पेशींना गाठतो. आक्रमकाला पकडून त्याची वर्दी लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचवणे हे या पेशींचे काम. गोवराचा विषाणू याच पेशींवर स्वार होऊन ग्रंथींत पोहोचतो आणि तेथील पांढऱ्या पेशींत वाढतो. पुढे रक्तावाटे तो शरीरभर पसरतो आणि श्वसनमार्गाच्या अस्तरात शिरून पुन्हा हवेत मिसळतो.

लागण झाल्यानंतर ताप, खोकला आणि डोळ्यांची लाली दिसण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात. अंगावरील पुरळ त्यानंतर येते. बाधित पेशींवर शरीराच्या संरक्षक पेशींनी चढवलेल्या हल्ल्याची ती खूण असते. मात्र पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण संसर्ग पसरवत असतो. घरच्यांना गोवर ओळखू येईपर्यंत विषाणू शेजारच्या घरात पोहोचलेला असतो. त्यामुळे रुग्ण आढळल्यावर धावपळ करून साथ रोखण्याला मर्यादा पडतात.

बहुतेक मुले या झुंजीत जिंकतात आणि त्यांना गोवरापासून आयुष्यभराचे संरक्षण मिळते. या विजयाची किंमत मात्र मोठी असते. पूर्वी होऊन गेलेल्या आजारांची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी हेच या विषाणूचे लक्ष्य असते. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोवरानंतर या मुलांच्या शरीरातील अन्य जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाल्याचे त्यात आढळले. वैद्यकशास्त्रात याला ‘प्रतिकारशक्तीचा स्मृतिभ्रंश’ म्हटले जाते. गोवर बरा झालेले मूल पुढे न्यूमोनियाने किंवा अतिसाराने दगावले, तर त्या मृत्यूची नोंद गोवराच्या नावावर होईलच असे नाही. कुपोषित बालकांत हा धोका अधिक असतो. गोवराच्या रुग्णांना ‘अ’ जीवनसत्त्व देण्याची शिफारस आहे. परंतु विषाणूवर नेमका इलाज करणारे औषध अद्याप नाही.

मुंबईने २०२२ च्या अखेरीस या सगळ्याचा अनुभव घेतला. गोवंडीच्या दाट वस्तीत सुरू झालेली साथ शहराच्या अन्य भागांत आणि पुढे भिवंडी, मालेगावपर्यंत पोहोचली. संशयित मृत्यूंचा आकडा दहाच्या पुढे गेला. त्याच सुमारास रांची, अहमदाबाद आणि मलप्पुरम येथेही रुग्ण वाढल्याने केंद्राने तेथे पथके धाडली. साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या बालकांना लसीची अतिरिक्त मात्रा देण्याचा विचार करावा, अशी सूचना केंद्राने राज्यांना केली. या उद्रेकांची पार्श्वभूमी करोनाकाळात तयार झाली होती. २०२१ मध्ये जगभरातील सुमारे चार कोटी बालकांची गोवर लसीची एक तरी मात्रा हुकली होती.

देशाची सरासरी ज्या ठिकाणी अपुरी पडते, ती हीच जागा होय. देशात दरवर्षी सुमारे २ कोटी ६० लाख बालके लसीकरणाच्या कक्षेत येतात. त्यांपैकी ६.३ टक्के पहिल्या मात्रेला मुकली, तरी ही संख्या १६ लाखांवर जाते. ही बालके देशभर विखुरलेली असती, तर विषाणूला वाट सापडली नसती. प्रत्यक्षात ती शहरांतील झोपडपट्ट्या, वीटभट्ट्या, बांधकामांवरील वस्त्या आणि दुर्गम पाडे येथे एकवटलेली असतात. मराठवाड्यातून दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतील मूल दुसऱ्या मात्रेच्या वयात गावाबाहेर असेल, तर गावच्या यादीत ते गैरहजर राहते आणि कारखान्याच्या परिसरातील यादीत त्याचे नावच नसते. जिल्ह्याचे प्रमाण ९५ टक्के असूनही एखाद्या वस्तीत ते ७० टक्के असू शकते, आणि साथ त्या वस्तीत पेट घेते.

निर्मूलनाचा निकषही कठोर आहे. सक्षम देखरेख असताना किमान १२ महिने देशांतर्गत संसर्गाची साखळी नसावी लागते. ही स्थिती सलग ३६ महिने टिकल्यावरच त्यावर अधिकृत मोहोर उमटते. मिळालेला दर्जा गमावण्याची वेळही येऊ शकते. कॅनडाने १९९८ मध्ये मिळवलेले गोवरमुक्तीचे स्थान नोव्हेंबर २०२५ मध्ये गमावले.

भारतापुढे लसीच्या टंचाईचा प्रश्न नाही. गोवराची लस बनवणाऱ्या जगातील आघाडीच्या उत्पादकांपैकी एक पुण्यातच आहे. पोलिओच्या वेळी आरोग्य कर्मचाऱ्यांनी रेल्वेस्थानके, बस थांबे आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांपर्यंत जाऊन मुले शोधली होती. गोवराची लस टोचून द्यावी लागत असल्याने हे काम अधिक अवघड आहे. मूल कोणत्या गावचे यापेक्षा ते आज कुठे आहे, हे पाहून यादी तयार झाली, तरच उरलेले सहा टक्के हाती लागतील. अन्यथा त्यांचा शोध आरोग्य यंत्रणेआधी विषाणू घेईल.