प्रकाशावर चालणारी चिप: घोडं अडलंय कुठे?

'विजेऐवजी प्रकाशावर चालणारी चिप' अशा बातम्या सध्या वरचेवर येतात. एनव्हिडियाने मार्च २०२५ मध्ये सिलिकॉन फोटोनिक्सवरचे नेटवर्क स्विच जाहीर केले. पण तिथे प्रकाश फक्त माहिती वाहून नेतो. हिशेब इलेक्ट्रॉनच करतात.

कारण साधं आहे. दोन प्रकाशकिरण एकमेकांतून आरपार जातात, कुणी कुणाला अडवत नाही. गणनेसाठी मात्र एका संकेताने दुसऱ्याला रोखावं किंवा सोडावं लागतं. अर्धवाहकात प्रकाश खूप तीव्र केला की त्या पदार्थाचा अपवर्तनांक बदलतो आणि हे जमतं. हाच अरेषीय परिणाम.

मेख सिलिकॉनमध्येच आहे. १५५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, शोषणासाठी १.१२ लागते. एकटा फोटॉन सुटतो, पण तीव्र प्रकाशात दोन मिळून शोषले जातात. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणखी प्रकाश गिळतात. २००५ मध्ये इंटेलने रामन परिणामावर सलग चालणारा सिलिकॉन लेझर दाखवला, तोही हे इलेक्ट्रॉन डायोडने बाहेर ओढूनच. सिलिकॉन नायट्राइडमध्ये ही गळती नाही, पण त्याचा अरेषीय परिणामही क्षीण.

केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या ७६,००० कोटींच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमात सिलिकॉन फोटोनिक्सलाही जागा आहे. कारखाने उभे राहतील, पण पदार्थांवरचं संशोधन मागे पडलं तर आपला प्रकाश हमालीच करत राहील. म्हणून पुढची घोषणा होईल तेव्हा एकच विचारावं: इथे प्रकाश माहिती वाहतोय, की निर्णयही घेतोय?